इझायने विचारलेला आर्पेजिओ: येहुदी मेन्युहिनची कारकीर्द

जुनी तबकडी (धागाकर्ता)

ब्रुसेल्समध्ये युजेन इझाय या थोर बेल्जियन व्हायोलिनवादकाच्या घरी पुढे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक झालेल्या, तेव्हा दहा वर्षांच्या येहुदी मेन्युहिनला नेण्यात आले, तेव्हा त्याने लालो या फ्रेंच संगीतकाराच्या 'सिंफनी एस्पान्योल'मधला अवघड भाग सफाईने वाजवून दाखवला. इझाय खूश झाला आणि मग त्याने सहज म्हणून ए मेजरचा आर्पेजिओ वाजवायला सांगितला. आर्पेजिओ म्हणजे आपल्या भाषेत सा-ग-प-सा असे स्वर घेत तळापासून टोकापर्यंत जाणे आणि परत येणे. जो मुलगा आताच मोठ्या वादकाच्या थाटात वाजवून गेला होता, तो या साध्या पाठाशी पट्टीवर चाचपडू लागला. इझायने त्याला पलटे पक्के करण्याचा सल्ला दिला. मुलाने मात्र गुरू म्हणून इझायला न निवडता पॅरिसमध्ये राहणाऱ्या जॉर्ज एनेस्कू या रुमानियन वादक-संगीतकाराला निवडले. ही हकिकत मेन्युहिनने स्वतः आत्मचरित्रात सांगितली आहे, आणि माझ्या मते त्याच्या पुढच्या सत्तर वर्षांची किल्ली तिच्यात आहे.

मेन्युहिनचा जन्म २२ एप्रिल १९१६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला आणि तो सॅन फ्रान्सिस्कोत वाढला. तिथले त्याचे शिक्षक लुई पर्सिंजर यांची पद्धत अशी की ते वाजवून दाखवत आणि मुलगा ते उचलत असे. कोपर कुठे असावे, अंगठा किती दाबावा, याची फोड करण्याची गरज कुणाला वाटली नाही, कारण सगळे आपोआप जमत होते. नोव्हेंबर १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्याचा बेटहोफेनचा कॉन्चेर्तो, म्हणजे एकल वादक आणि वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना, ठरला. वाद्यवृंदाचे संचालक फ्रिट्झ बुश यांनी आधी साफ नकार दिला होता, ही रचना पोरासोरांची नव्हे असे त्यांचे म्हणणे होते, पण मुलाला ऐकल्यावर त्यांनी तो मागे घेतला. १२ एप्रिल १९२९ रोजी, तेरा वर्षे पूर्ण होण्याआधी दहा दिवस, त्याने बर्लिनमध्ये ब्रुनो वाल्टर यांच्या संचालनाखाली एकाच रात्री बाख, बेटहोफेन आणि ब्राह्म्स यांचे कॉन्चेर्तो वाजवले. त्या रात्रीचा आइन्स्टाइनचा किस्सा सर्वांना ठाऊक आहे आणि दर सांगणाऱ्यागणिक त्याचे शब्द बदलतात, म्हणून तो मी इथे देत नाही. त्याच वर्षी हेन्री गोल्डमन या जवळजवळ दृष्टी गमावलेल्या धनिकाने त्याला किमतीची पर्वा न करता हवे ते व्हायोलिन निवडायला सांगितले, आणि १७३३ साली स्ट्रादिवारीने घडवलेले 'प्रिन्स खेवेनहुलर' हे वाद्य त्याच्या हाती आले. किंमत साठ हजार डॉलर होती.

जुलै १९३२ मध्ये लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओत एडवर्ड एल्गार या इंग्रज संगीतकाराच्या व्हायोलिन कॉन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण झाले. संचालनाला पंचाहत्तर वर्षांचे स्वतः एल्गार होते आणि वादक सोळा वर्षांचा होता. आधीच्या भेटीत पियानोच्या साथीवर थोडेसे ऐकूनच एल्गार म्हणाले की आता काही सांगण्यासारखे उरलेले नाही, आणि घोड्यांच्या शर्यतीला निघून गेले. ती तबकडी आजही विकली जाते आणि आजही ऐकवते.

यानंतरचा भाग फारसा सांगितला जात नाही. १९३५ च्या जगप्रवासात शंभराहून अधिक मैफिली झाल्यावर मेन्युहिनने सुमारे दीड वर्ष जाहीर वादन थांबवले आणि कॅलिफोर्नियात मुक्काम केला. दुसऱ्या महायुद्धात त्याने दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले, छावण्यांत, रुग्णालयांत, थंडीवाऱ्यात, रियाजाला वेळ न मिळता. तिशीत आल्यावर जे आपोआप होत होते ते अधूनमधून होईनासे झाले, आणि उजव्या हातातला गज, ज्याला व्हायोलिनवाले बो म्हणतात, लांब संथ स्वरावर थरथरू लागला. जगभरच्या तारखा ठरलेल्या, तिकिटे विकलेली आणि हात ऐकत नाही, अशा अवस्थेत या माणसाने आपण व्हायोलिन नेमके कसे वाजवतो हे आयुष्यात पहिल्यांदा तपासायला घेतले, म्हणजे इझायने विचारलेल्या आर्पेजिओकडे तो पंचवीस वर्षांनी परतला. त्याची खरी कारकीर्द मी तिथून मोजतो. आपल्याला काय वाटते?

षड्ज-पंचम

मी हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन शिकते, त्यामुळे थरथरीचा मुद्दा वाचताना पहिल्यांदा बैठकच आठवली. आपल्याकडे वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे वळलेले टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकते आणि दुसरी बाजू छातीशी-खांद्याशी लागते. वाद्याचा भार पायावर गेल्यामुळे डावा हात पूर्ण मोकळा राहतो आणि म्हणूनच लांब मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) एका बोटावर ओढता येते. पाश्चात्त्य वादक उभा असतो, वाद्य कॉलरबोन आणि हनुवटी यांच्यात धरतो आणि त्याच डाव्या हाताने स्थान बदलत वरखाली धावतो. पकड जरा घट्ट झाली की मान आखडते, मानेपासून खांदा आणि खांद्यापासून मनगट, अशी ती ओढ गजापर्यंत उतरत जाते.

कारकिर्दीचा साचाही निराळा आहे. वाईत जन्मलेले पं. विष्णु गोविंद जोग, पं. गजाननबुवा जोशी किंवा पं. दामोदर केशव दातार यांच्यापुढे छापील कॉन्चेर्तो नव्हता. गळ्यातून निघते ते तारेवर आणायचे, हा त्यांचा अभ्यास होता, आणि गजाननबुवा तर गवईही तितकेच मोठे होते. वयाबरोबर दमसास कमी झाला तर असा वादक आलापी वाढवू शकतो, द्रुत आवरू शकतो, त्या संध्याकाळी हाताला मानवेल असा राग निवडू शकतो. बेटहोफेनच्या कॉन्चेर्तोतले सप्तक काही कुणाच्या खांद्याकडे पाहून खाली येत नाही. मेन्युहिनची कोंडी मला त्यामुळे अधिक क्रूर वाटते.

राइनकाठ

जर्मनीत नोकरी करतो आणि इथल्या एका हौशी वाद्यवृंदात मागच्या रांगेत दुसरे व्हायोलिन वाजवतो, एवढ्या अधिकारावर लिहितो.

बेटहोफेनच्या कॉन्चेर्तोची सुरुवात टिंपनी या नगाऱ्यासारख्या वाद्याच्या एकाच सुरातल्या हलक्या ठोक्यांनी होते आणि त्यानंतर सुमारे तीन मिनिटे फक्त वाद्यवृंद वाजतो. गेल्या वर्षी आम्ही ही रचना वाजवली तेव्हा एकल वादक माझ्यापासून चार हातांवर उभा होता. ती तीन मिनिटे तो रुमालाने डाव्या हाताची बोटे पुसत होता, मग उजव्या हाताची मूठ वळत आणि उघडत होता, आणि मग शेवटच्या काही मात्रांत अगदी स्तब्ध झाला. त्यानंतर त्याला खालून वर चढत जाणारी सप्तकांची जोडगोळी वाजवायची असते, तीही थंड पडलेल्या बोटांनी, जवळजवळ साथीशिवाय, सूर एका केसानेही न हलता. भरभर वाजवायचा तुकडा असता तर घबराट त्यात खपून गेली असती. इथे लपायला जागाच नाही.

थरथरीचे यांत्रिक कारण साधारण असे सांगतात. गज हातात धरलेला असला तरी त्याचे वजन तारेने पेलायचे असते. वादकाचा अंगठा घाबरून लाकडावर दाबला गेला की वरची बोटेही उलट दाबतात, दोन विरोधी स्नायू एकाच वेळी ताणले जातात, आणि हळू ओढलेला गज मध्यावर आला की तो ताण कंप होऊन तारेवर उतरतो. वादकाला तो जाणवला की तो आणखी दाबतो. म्हणजे उपाय म्हणून केलेली गोष्टच रोग वाढवते. लहानपणी हा समतोल ज्याला कुणी शिकवलेला नसतो, तो बिघडल्यावर परत कुठल्या पायरीवर जायचे हेही त्याला माहीत नसते. धागाकर्त्यांचा आर्पेजिओचा मुद्दा म्हणूनच पटतो.

चिकित्सक

लेखन उत्तम आहे, परंतु मला यात थोडी भाविकता दिसते. १९५० नंतरच्या मेन्युहिनच्या अनेक तबकड्यांत सूर ढळतो, गज खरवडतो, आणि हे केवळ टीकाकारांचे नव्हे तर कोणत्याही चौकस कानाचे मत आहे. याशा हायफेट्झकडे पाहा. १९०१ चा जन्म, ऑक्टोबर १९१७ मध्ये सोळाव्या वर्षी कार्नेगी हॉलमध्ये पहिली मैफल, म्हणजे तोही बालपणापासूनचाच वादक. पण त्याचा पाया सेंट पीटर्सबर्गमध्ये लेओपोल्ड आउअरच्या कडक शिस्तीत घातला गेला होता, आणि १९७२ च्या अखेरच्या एकल मैफिलीपर्यंत त्याचे तंत्र टिकले. ज्याचे तंत्र ढासळले त्याच्या पडझडीलाच आपण 'खरी कारकीर्द' म्हणू लागलो, तर ज्याने रोज पलटे वाजवून ते टिकवले त्याच्यावर अन्याय होतो. मेन्युहिन सज्जन होता, मोठा माणूस होता, हे मान्य. पण व्हायोलिनवादकाचे मोजमाप व्हायोलिनवर व्हावे.

जुनी तबकडी

चिकित्सक, सूर ढळतो हे मी नाकारत नाही. माझ्या संग्रहात त्या काळातल्या अशा दोन तबकड्या आहेत ज्या मी पाहुण्यांना ऐकवत नाही. हायफेट्झचे उदाहरणही योग्य आहे, फक्त त्यातून मी वेगळा अर्थ काढतो. हायफेट्झला जे लहानपणी मिळाले ते मेन्युहिनला चाळिशीच्या उंबरठ्यावर, लोकांच्या डोळ्यांदेखत, चालू गाडीचे चाक बदलावे तसे मिळवावे लागले. निकाल हायफेट्झइतका निर्दोष आला नाही. तरी व्हायोलिनवरच मोजायचे तर बेला बार्टोक या हंगेरियन संगीतकाराची गोष्टही मोजा. नोव्हेंबर १९४३ मध्ये मेन्युहिनने न्यूयॉर्कमध्ये बार्टोकला त्याचीच सोनाटा (व्हायोलिन आणि पियानोसाठीची रचना) वाजवून दाखवली. बार्टोक तेव्हा परदेशात, आजारी आणि अडचणीत होता. मेन्युहिनने त्याच्याकडे एकट्या व्हायोलिनसाठी रचना मागितली, आणि २६ नोव्हेंबर १९४४ रोजी कार्नेगी हॉलमध्ये ती पहिल्यांदा वाजवली. पुढच्या सप्टेंबरमध्ये बार्टोक वारला. बाखनंतर एकट्या व्हायोलिनसाठी इतकी भक्कम रचना क्वचित झाली असेल, आणि ती या वादकाने मागितली म्हणून आहे. हात निर्दोष असलेले सगळेच वादक अशी मागणी करत नाहीत.

मॉडेल कॉलनी

पुणेकर म्हणून थोडी भर घालतो. १९५१ मध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यावर असताना एका उपचारकाच्या प्रतीक्षागृहात मेन्युहिनच्या हाती योगासनांचे छोटेसे पुस्तक पडले आणि तो हॉटेलच्या खोलीत आसने करू लागला. पुढच्याच वर्षी पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून तो भारतात आला आणि दुष्काळ निवारणाच्या मदतीसाठी त्याने मुंबई, दिल्ली, मद्रास, कलकत्ता इथे मैफिली केल्या. दिल्लीत नेहरूंनी त्याला शीर्षासन करून दाखवायला सांगितले आणि मग स्वतःही केले, ही गोष्ट त्या वेळी वर्तमानपत्रांतून गाजली. मुंबईत त्याला भेटायला पुण्याहून बी. के. एस. अय्यंगार गेले. ते १९३७ पासून पुण्यात योग शिकवत होते आणि तेव्हा शहराबाहेर त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. मेन्युहिनने पाच मिनिटांचीच वेळ दिली होती. गुरुजींनी त्याला शवासनात झोपवले, डोळ्यांवर आणि कानांवर बोटे ठेवून शांत केले, आणि तो गाढ झोपला. कित्येक दिवसांत इतकी विश्रांती मिळाली नव्हती असे तो उठल्यावर म्हणाला. १९५४ मध्ये त्याने गुरुजींना स्वित्झर्लंडला बोलावले आणि एक घड्याळ भेट दिले. त्याच्या मागे 'माझे सर्वोत्तम व्हायोलिनशिक्षक' अशा अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले आहेत. १९६६ च्या गुरुजींच्या प्रसिद्ध इंग्रजी ग्रंथाला प्रस्तावनाही त्याचीच आहे.

यावरून योगाने त्याचा हात बरा केला असे आपल्याकडे बेधडक लिहितात. त्याची मला गंमत वाटते, कारण त्यानंतरही हात अधूनमधून त्रास देतच राहिला, हे चिकित्सक यांनी वर सांगितलेच आहे. घड्याळावर वैद्य किंवा उपचारक असे न लिहिता शिक्षक असे लिहिले आहे, आणि तो शब्द त्याने विचार करूनच निवडला असणार. कोणता स्नायू कामाला लावायचा आणि कोणता सोडून द्यायचा, हे वेगवेगळे ओळखणे हे अय्यंगार पद्धतीच्या आसनांचे सार आहे. राइनकाठ यांनी अंगठ्याबद्दल लिहिले आहे तेच, फक्त व्हायोलिन बाजूला ठेवून.

षड्ज-पंचम

त्या १९५२ च्या भेटीत दिल्लीला त्याने पं. रविशंकरांची सतारही ऐकली, आणि १९५५ मध्ये उस्ताद अली अकबर खाँसाहेबांना न्यूयॉर्कला नेण्यात पुढाकार घेतला. १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या बाथच्या महोत्सवात मेन्युहिन आणि रविशंकर एकत्र वाजवायला बसले. त्यांची तिलंगची जुगलबंदी तबकडीवर आहे. आमच्या गुरूंनी ती मला मुद्दाम ऐकवली होती आणि विचारले होते, "यातला कोण वाचतो आहे?" खरोखरच मेन्युहिनचा भाग त्याच्यासाठी लिहून काढलेला होता, त्याला उपज (आयत्या वेळी सुचेल तसे वाजवणे) करता येत नसे आणि तो ते मोकळेपणाने कबूल करी. स्वर नेमके लागतात, पण दोन स्वरांच्या मधली जागा रिकामी राहते. तिथे आपला वादक मींड घेतो आणि तो व्हायब्रॅटो, म्हणजे एकाच स्वरावर बोट हलवून आणलेला कंप, देतो. मला यात त्याचा कमीपणा मात्र दिसला नाही. पन्नाशीचा जगप्रसिद्ध वादक नवशिक्यासारखा जमिनीवर बसून, दुसऱ्याच्या भाषेतला धडा जाहीरपणे वाचून दाखवतो, हे आपल्याकडच्या किती बुजुर्गांनी केले असते?

चिकित्सक

बार्टोकचा मुद्दा मान्य करतो. एक प्रश्न आहे. युद्धानंतर त्याने नाझी राजवटीत जर्मनीत राहून काम केलेल्या संचालक विल्हेल्म फुर्टवेंग्लरबरोबर वाजवले, त्यामुळे त्याच्या कारकिर्दीचे नुकसान झाले असे वाचले होते. ते कितपत खरे?

जुनी तबकडी

निदान रोष तरी नक्की ओढवला. जुलै १९४५ मध्ये बेंजामिन ब्रिटन या इंग्रज संगीतकाराला पियानोवर घेऊन मेन्युहिनने नुकत्याच मुक्त झालेल्या बेर्गेन-बेल्झन छळछावणीतल्या वाचलेल्या माणसांपुढे वादन केले होते, आणि दोनच वर्षांनी तो स्वतः ज्यू असून बर्लिनमध्ये फुर्टवेंग्लरच्या संचालनाखाली बेटहोफेन वाजवायला उभा राहिला. बर्लिनजवळच्या विस्थापित ज्यूंच्या छावणीसाठी ठेवलेल्या त्याच्या मैफिलीला जवळजवळ कुणी आले नाही. कारण कळल्यावर तो छावणीत गेला, संतापलेल्या जमावापुढे उभा राहिला आणि आपली बाजू बोलून मांडली. त्या दिवशी त्याने व्हायोलिन वाजवले नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये लुसर्नला या दोघांनी केलेले बेटहोफेनच्या कॉन्चेर्तोचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. राइनकाठ यांनी वर्णन केलेली ती सप्तके त्यात ऐका. हात तेव्हा अजून साथ देत होता, पण आवाजात बर्लिनच्या पोराचा बिनधास्तपणा उरलेला नाही, आणि मला तो तसाच जास्त आवडतो. इथे आपले मत वेगळे असू शकते.

राइनकाठ

शेवटी तो कुठे पोहोचला हेही नोंदवायला हवे. १९६३ मध्ये त्याने इंग्लंडमध्ये मुलांसाठी संगीताची निवासी शाळा काढली, जी नंतर सरे परगण्यात स्थिरावली. नायजेल केनेडी तिथलाच विद्यार्थी. पुढे हातातला गज कमी झाला आणि संचालनाची छडी वाढली. १९८२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकच्या शताब्दीच्या समारंभात तर त्याने शीर्षासनात उभे राहून पायांनी बेटहोफेनच्या पाचव्या सिंफनीचे संचालन केले. मॉडेल कॉलनी यांना ते आवडेल. १२ मार्च १९९९ रोजी तो बर्लिनमध्येच, त्या तीन कॉन्चेर्तोंच्या शहरात वारला, आणि त्याचे दफन शाळेच्या आवारात झाले.

त्याने व्हायोलिन शिकणाऱ्यांसाठी पाठ लिहिले आहेत आणि त्यातल्या पहिल्या पाठात व्हायोलिन नाही. नुसता श्वास, उभे राहणे, हात झुलवणे. दुसऱ्या पाठाकडे वळेपर्यंत विद्यार्थी कंटाळतो. आमच्या वाद्यवृंदात दर मंगळवारी तालमीआधी मागच्या रांगेतले आम्ही पाचजण हातात गजाऐवजी पेन्सिल धरून उभे राहतो, आमच्या बाई प्रत्येकाजवळ येतात आणि बोटाच्या एका टिचकीने पेन्सिल उडवतात. ज्याची सहज उडते त्याला खाली बसायला मिळते. माझी अजून अडकते.